मुलांचे आरोग्य : कांजण्या गेल्या, मग हात का लुळा पडला?

लहान मुलांनाही पक्षाघात होऊ शकतो, यावर चटकन विश्वास बसत नाही. कांजण्यांसारख्या नेहमीच्या आजारानंतर काही आठवड्यांनी, क्वचितच का होईना, असे घडते. अशा वेळी आईवडिलांनी वेळीच केलेली धावपळ आणि डॉक्टरांना आठवणीने सांगितलेली एक गोष्ट फार मोलाची ठरते.

शाळेत एका मुलाला कांजण्या आल्या की महिनाभरात अर्धा वर्ग घरी बसतो. घरोघरी कडुलिंबाच्या डहाळ्या येतात, मऊ भात शिजतो, खाजवू नये म्हणून मुलांची नखे कापली जातात. आठदहा दिवसांत फोडांवर खपल्या धरतात, मूल पुन्हा दप्तर उचलते आणि घरातली माणसे सुटकेचा निःश्वास टाकतात. ‘‘कांजण्या काय, सगळ्यांनाच येतात. लहानपणी येऊन गेलेल्या बऱ्या,’’ असे आजी म्हणते आणि बहुतेक मुलांच्या बाबतीत तिचे म्हणणे खरेही ठरते.

फार थोड्या मुलांच्या बाबतीत मात्र हा आजार खपल्यांबरोबर संपत नाही. दोनतीन महिने उलटून गेलेले असतात. मूल खेळत असते, खात असते. आणि एखाद्या दिवशी त्याच्या हातातला दुधाचा पेला निसटतो. चालताना एक पाय ओढला जातो. हसताना तोंड एका बाजूला जाते. कालपर्यंत खडाखडा बोलणारे मूल बोबडे बोलू लागते. घरात कुणी म्हणते, ‘‘हातावर झोपला असेल, अवघडला असेल.’’ कुणी म्हणते, ‘‘शाळा बुडवायचे निमित्त आहे.’’ कुणी ‘अंगावरून वारे गेले’ म्हणून तेल गरम करायला घेते. कांजण्यांची आठवण कुणालाच होत नाही, कारण त्या तर केव्हाच बऱ्या झालेल्या असतात.

हा पक्षाघात, म्हणजेच बोलीभाषेतला लकवा किंवा स्ट्रोक असू शकतो. तो मुलांना होऊ शकतो हेच ठाऊक नसल्याने त्यात मौल्यवान वेळ वाया जातो.

मुलांना पक्षाघात कशामुळे होतो?

मेंदूच्या एखाद्या भागाला होणारा रक्तपुरवठा अचानक थांबला की त्या भागातल्या पेशी मरू लागतात. तो भाग शरीराच्या ज्या अवयवावर ताबा ठेवत असेल, तो अवयव लुळा पडतो. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली तर शरीराची उजवी बाजू कमजोर होते आणि उजव्या बाजूला झाली तर डावी. हा झाला पक्षाघात.

मोठ्या माणसांमध्ये यामागे बहुधा रक्तदाब, मधुमेह, तंबाखू किंवा वाढलेले कोलेस्टेरॉल असते. मुलांमध्ये यातले सहसा काही नसते. त्यांच्या बाबतीत जन्मजात हृदयविकार, सिकलसेलचा आजार, मानेला बसलेला मार, क्षयामुळे होणारा मेंदूज्वर अशी कारणे आढळतात. आपल्या देशात विदर्भ, छत्तीसगड, ओडिशा, मध्य प्रदेश, गुजरात येथील आदिवासी भागांत सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. क्षयही आपल्याकडून गेलेला नाही. त्यामुळे भारतातले डॉक्टर या दोन कारणांचा विचार आवर्जून करतात. रक्तातले लोह फार कमी असणे हेही धोका वाढवणारे एक कारण मानले जाते.

याशिवाय आणखी एक मोठा गट असतो, तो कालपरवापर्यंत ठणठणीत असलेल्या मुलांचा. हृदय चांगले, रक्ताचा आजार नाही, मारही लागलेला नाही. तपासणीत मात्र मेंदूतली एखादी रक्तवाहिनी एका जागी अरुंद झालेली दिसते. अशा मुलांच्या आईवडिलांना खोदून विचारले की अनेकदा अलीकडेच होऊन गेलेल्या एखाद्या विषाणूजन्य आजाराची हकिगत निघते. त्यात कांजण्यांचा संबंध सर्वांत स्पष्टपणे समोर आला आहे.

विषाणू तिथवर जातो कसा?

याचे उत्तर आपल्या ओळखीच्या दुसऱ्या एका आजारात आहे. तो म्हणजे नागीण. वयस्कर माणसांच्या पाठीवर, छातीवर किंवा कपाळावर एकाच बाजूला फोडांचा पट्टा उठतो, भयंकर आग होते. ही नागीण आणि कांजण्या एकाच विषाणूमुळे होतात. कांजण्या बऱ्या झाल्या तरी हा विषाणू शरीरातून पूर्णपणे निघून जात नाही. तो मज्जातंतूंच्या गाठींमध्ये जाऊन दडून बसतो. पन्नाससाठ वर्षांनी प्रतिकारशक्ती कमी झाली की तो मज्जातंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो आणि नागीण उठते.

अशीच एक गाठ कवटीच्या तळाशी, कानाच्या पुढच्या बाजूला आत असते. चेहऱ्याच्या संवेदना मेंदूपर्यंत नेणारा मज्जातंतू तिथून जातो. याच गाठीतून काही बारीक तंतू मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांकडे गेलेले असतात. तज्ज्ञांच्या मते विषाणू या तंतूंच्या वाटेने रक्तवाहिनीच्या भिंतीपर्यंत पोहोचतो. तिथे दाह होतो, भिंत सुजते आणि आतली वाट अरुंद होते. अरुंद जागी रक्ताची गुठळी अडकली की पलीकडचा रक्तपुरवठा थांबतो. या मुलांमध्ये बहुधा मेंदूच्या आतल्या, हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या भागाला इजा होते. म्हणूनच एका बाजूचा हात, पाय आणि चेहरा यांवर परिणाम दिसतो.

या साऱ्याला वेळ लागतो. त्यामुळेच कांजण्या आणि पक्षाघात यांत काही आठवड्यांचे, तर कधी काही महिन्यांचे अंतर पडते.

आकडे काय सांगतात?

कॅनडातल्या टोरांटो येथील डॉक्टरांनी २००१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. सहा महिने ते दहा वर्षे वयाच्या, पक्षाघात झालेल्या ७० मुलांची माहिती त्यांनी तपासली. त्यांपैकी २२ मुलांना, म्हणजे १०० पैकी ३१ मुलांना, आधीच्या वर्षभरात कांजण्या येऊन गेल्या होत्या. निरोगी मुलांमध्ये हेच प्रमाण १०० पैकी ९ होते. ब्रिटनमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही, कांजण्या आल्यानंतरच्या सहा महिन्यांत मुलांमध्ये पक्षाघाताचा धोका सुमारे चौपट झाल्याचे आढळले.

‘चौपट’ हा शब्द वाचून घाबरून जाण्याचे कारण नाही. मुळात मुलांमध्ये पक्षाघात फारच कमी होतो. त्याची चौपट केली तरी आकडा लहानच राहतो. एका अंदाजानुसार कांजण्या येणाऱ्या सुमारे १५ हजार मुलांमागे एखाद्यालाच असा त्रास होतो. बाकीची सारी मुले खपल्या पडताच पूर्वीसारखी हुंदडू लागतात.

धोका फक्त कांजण्यांमुळेच होतो असेही नाही. नऊ देशांतल्या सुमारे ७०० मुलांचा एक मोठा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यातली निम्मी मुले पक्षाघात झालेली आणि निम्मी न झालेली होती. आधीच्या आठवड्याभरात सर्दीतापासारखा संसर्ग झालेल्या मुलांमध्ये पक्षाघाताचा धोका सुमारे सहापट दिसला. मात्र हा वाढलेला धोका थोडेच दिवस टिकतो. आणखी एक महत्त्वाची गोष्ट याच अभ्यासात दिसून आली. ज्या मुलांचे नेहमीचे लसीकरण अपुरे होते किंवा झालेच नव्हते, त्यांना धोका अधिक होता.

सर्दी तर प्रत्येक मुलाला वर्षातून अनेकदा होते. मग पक्षाघात एखाद्यालाच का? रक्तवाहिन्यांची ठेवण, प्रतिकारशक्तीची प्रतिक्रिया, रक्त गोठण्याचा गुणधर्म अशा अनेक गोष्टी एकत्र येतात तेव्हा हे घडते, असे डॉक्टर मानतात.

कोणती लक्षणे ओळखायची?

मोठ्यांच्या बाबतीत सांगितली जाणारी तीन लक्षणे मुलांनाही लागू पडतात. ती घरातल्या घरात, मिनिटभरात तपासता येतात.

चेहरा : मुलाला हसायला किंवा दात दाखवायला सांगा. तोंडाचा एक कोपरा खाली राहतो का?

हात : डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला सांगा. एक हात खाली घसरतो का? एका पायाने लंगडतो का?

बोलणे : नेहमीचे एखादे वाक्य म्हणायला सांगा. जीभ जड वाटते का? शब्द सापडत नाहीत का? सांगितलेले कळत नाही असे वाटते का?

यांतले एकही लक्षण अचानक दिसले तर रुग्णालय गाठायला हवे. शरीराच्या एकाच बाजूला येणारी फीट, आजवर कधी झाली नव्हती अशी अचानक उठलेली तीव्र डोकेदुखी, अचानक कमी दिसणे, गुंगी येणे ही लक्षणेही मुलांमध्ये आढळतात.

अगदी लहान मुलाला ‘हात उचल’ म्हणून कळत नाही. त्याच्या खेळाकडे पाहावे. कालपर्यंत दोन्ही हातांनी चेंडू धरणारे मूल आज एकच हात पुढे करते का, दुसरा हात मुठीत आवळून धरते का, हे आईच्या नजरेला चटकन दिसते.

आणखी एक गोष्ट माहीत असावी. कांजण्यांच्या काळात किंवा त्यानंतरच्या काही दिवसांत काही मुलांचा तोल जातो. ती दोन्ही पाय फाकवून, झिंगल्यासारखी चालतात. लहान मेंदूला आलेल्या दाहामुळे असे होते आणि बहुतेक मुले काही आठवड्यांत आपोआप बरी होतात. हा पक्षाघात नव्हे. पण कोणता त्रास कशाचा, हे घरी बसून ठरवता येत नाही. दोन्हींत डॉक्टरांना दाखवणे आवश्यकच आहे.

लक्षणे थोड्या वेळाने आपोआप गेली, तरी ‘बरे झाले’ म्हणून स्वस्थ बसू नये. थोडा वेळ हात लुळा पडून पुन्हा नीट होणे ही पुढच्या मोठ्या झटक्याची सूचना असू शकते.

वेळ कुठे जातो?

टोरांटोच्याच डॉक्टरांनी २००९ साली दाखवून दिले, की लक्षणे सुरू झाल्यापासून मुलांच्या पक्षाघाताचे निदान होईपर्यंत साधारणपणे जवळजवळ एक दिवस जातो. सर्व सोयी असलेल्या शहरात ही स्थिती, मग आपल्याकडे विचारायलाच नको. आपल्याकडे तर आधी दृष्ट काढली जाते, मग तेल चोळले जाते. कुठे पारव्याचे रक्त लावण्याचा सल्ला मिळतो. या सर्व उपायांनी मेंदूतली अडलेली वाट मोकळी होत नाही, मुलाचे तास मात्र निघून जातात.

अशा वेळी पुढील गोष्टी कराव्यात.

मुलाला शेवटचे नीट चालताबोलताना किती वाजता पाहिले, ती वेळ लक्षात ठेवावी. डॉक्टरांचा पहिला प्रश्न हाच असतो.

तोंडाने पाणी, दूध, औषध काहीही देऊ नये. गिळण्याच्या स्नायूंवर परिणाम झाला असेल तर ते फुप्फुसात जाऊ शकते.

फीट आली तर मुलाला कुशीवर वळवावे. दातांत चमचा घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगायला देऊ नये.

अनेक राज्यांत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. शक्यतो बालरोगतज्ज्ञ आणि एमआरआयची सोय असलेल्या रुग्णालयातच न्यावे. सुरुवातीच्या काही तासांत साध्या सीटी स्कॅनमध्ये दोष न दिसण्याची शक्यता असते. एमआरआयमध्ये मेंदूची इजा आणि अरुंद झालेली रक्तवाहिनी दोन्ही दिसू शकतात.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गेल्या वर्षभरात कांजण्या येऊन गेल्या असतील तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आपणहून सांगावे. डॉक्टर ‘हल्ली काही आजार झाला होता का?’ असे विचारतात. आईवडिलांना ‘हल्ली’ म्हणजे गेला आठवडा वाटतो आणि ते ‘नाही’ म्हणतात. गेल्या आठवड्यातली सर्दी, ताप, डोक्याला किंवा मानेला लागलेला मार, हेही सांगायला विसरू नये. कारण कळले की पुढच्या तपासण्या आणि उपचार यांची दिशा ठरते.

ॲस्पिरिनबद्दल सावधान

हृदयविकारात ॲस्पिरिन देतात, हे ऐकून काही जण मुलालाही घरातली गोळी देतात. हे धोक्याचे आहे. कांजण्या किंवा फ्लू झालेल्या मुलांना ॲस्पिरिन दिल्यास ‘रे सिंड्रोम’ नावाचा, यकृत आणि मेंदू यांवर परिणाम करणारा, दुर्मिळ पण गंभीर आजार होऊ शकतो. कांजण्यांच्या तापात डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात पॅरासिटामॉल द्यावे. आयबुप्रोफेनही टाळलेले बरे.

पक्षाघाताचे निदान झाल्यावर मात्र डॉक्टर गुठळी होऊ नये म्हणून मुलाला ठरावीक मात्रेत ॲस्पिरिन देऊ शकतात. तो निर्णय तपासणीनंतर त्यांनीच घ्यायचा असतो. रक्तस्रावामुळे झालेल्या पक्षाघातात हीच गोळी घातक ठरू शकते.

दोष कुणाचा?

मूल आजारी पडले की आपल्या घरांत पहिले बोट आईकडे वळते. ‘‘खपल्या पडायच्या आत न्हाऊ घातलेस’’, ‘‘पथ्य मोडलेस, तळणीचे दिलेस’’, ‘‘देवीचा मान राखला नाहीस’’. सासूबाई बोलतात, नवरा गप्प राहतो आणि आईही मनातल्या मनात स्वतःलाच गुन्हेगार ठरवते.

या कशानेही पक्षाघात होत नाही. तो विषाणूमुळे रक्तवाहिनीला आलेल्या दाहाने होतो. कांजण्यांत मुलाला कोमट पाण्याने आंघोळ घातली तर उलट त्वचा स्वच्छ राहते आणि खाज कमी होते. ‘देवी’ म्हणून ज्या रोगाची पूर्वी धास्ती होती तो आजार वेगळाच होता. भारतात त्याचा शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला आणि १९८० साली जगातून त्याचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले.

आईला बोल लावण्यात आणखी एक तोटा आहे. बोलणी खावी लागतील या भीतीने ती रुग्णालयात कांजण्यांचा उल्लेखच टाळते. जी माहिती डॉक्टरांना हवी असते, तीच दडून राहते. अशा वेळी वडिलांनी आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी तिच्या पाठीशी उभे राहणे हाही उपचाराचाच भाग आहे.

पुढची वाट

‘लहान मूल आहे, आपोआप सुधारेल’ असे पुष्कळ जण सांगतात. मुलांच्या मेंदूची सावरण्याची ताकद मोठी असते हे खरे. पण पक्षाघात झालेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांमध्ये थोडाफार दोष मागे राहतो. हात थोडा कमजोर राहतो, लिहिण्याचा वेग कमी होतो, अभ्यासात लक्ष लागत नाही, मूल चिडचिडे बनते.

म्हणूनच रुग्णालयातून घरी आल्यावर फिजिओथेरपी नियमित करणे गरजेचे असते. कमजोर हाताला कामाला लावण्यासाठी काही वेळा चांगला हात रोज ठरावीक वेळ मोज्यात किंवा झोळीत ठेवायला सांगतात. घरीही पुष्कळ करता येते. कणकेचा गोळा मळायला देणे, शेंगा सोलायला बसवणे, मणी ओवायला देणे, रांगोळीचे ठिपके काढायला लावणे. व्यायाम म्हटले की मूल कंटाळते, पण आईबरोबर पोळी लाटायला आवडीने बसते.

शाळेतही बाईंना विश्वासात घेऊन सगळे सांगावे. लिहायला जास्त वेळ, पहिल्या बाकावर जागा आणि वर्गातल्या मुलांनी चिडवू नये याकडे लक्ष, एवढे जरी झाले तरी मुलाचा आत्मविश्वास टिकतो.

कांजण्यांनंतरच्या पक्षाघातात एक दिलासा आहे. बहुतेक मुलांमध्ये रक्तवाहिनीचा दाह काही महिन्यांत शमतो आणि ती स्थिरावते किंवा सुधारते. मात्र या काळात पुन्हा झटका येण्याची शक्यता असते. म्हणून मूल हिंडूफिरू लागले तरी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय औषधे बंद करू नयेत आणि फेरतपासणी चुकवू नये.

लस हाच खात्रीचा उपाय

१९६४ साली जपानी डॉक्टर मिचिआकी ताकाहाशी अमेरिकेत संशोधन करत असताना त्यांच्या लहान मुलाला फार तीव्र स्वरूपाच्या कांजण्या आल्या. मुलगा वाचला, पण त्या रात्री वडिलांच्या मनात घर करून राहिल्या. मायदेशी परतल्यावर त्यांनी या आजारावर लस शोधण्याचे काम हाती घेतले आणि १९७४ साली ती तयार झाली. ज्या मुलाच्या अंगावरच्या फोडातून विषाणू घेतला, त्याच्या आडनावावरून लशीतल्या विषाणूला ‘ओका’ हे नाव मिळाले. अमेरिकेत १९९५ साली ही लस सुरू झाली. त्यापूर्वी तिथे दरवर्षी सुमारे ४० लाख लोकांना कांजण्या येत. लशीनंतर हे प्रमाण झपाट्याने खाली आले.

लशीमुळेच पक्षाघात होणार नाही ना, अशी शंका काही पालकांना येते. अमेरिकेत ३० लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लस आणि पक्षाघात यांचा कोणताही संबंध आढळला नाही.

आपल्याकडे सरकारच्या मोफत राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ही लस समाविष्ट नाही. खासगी दवाखान्यात ती पैसे देऊन घ्यावी लागते. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन डोसांची शिफारस करते. पहिला डोस बाळ सुमारे १५ महिन्यांचे झाल्यावर देतात. दुसरा डोस त्यानंतर काही महिन्यांनी घेता येतो. लहानपणी लस राहून गेली असेल आणि कांजण्याही आल्या नसतील, तर मोठ्या मुलांनाही ती देता येते. घरात एका मुलाला कांजण्या आल्या तर त्याच्या भावंडाला तीन ते पाच दिवसांच्या आत लस दिल्यास आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. गरोदर स्त्रियांना आणि प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्यांना ही लस देत नाहीत. लस घेतल्यावरही एखाद्याला कांजण्या येतात, पण चार फोडांवर निभावते.

हे लक्षात ठेवा

• कांजण्यांनंतर पक्षाघात फार क्वचित होतो. प्रत्येक मुलाबाबत धास्ती बाळगू नका.

• चेहरा वाकडा होणे, एका बाजूचा हात किंवा पाय कमजोर होणे, बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही अचानक दिसले तर त्याच क्षणी रुग्णालयात न्या.

• वर्षभरात कांजण्या आल्या असतील तर ते आपणहून डॉक्टरांना सांगा. मुलाच्या लसीकरणाच्या कार्डावर कांजण्या आल्याची तारीख लिहून ठेवण्याची सवय लावा.

• ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने देऊ नका.

• लशीबद्दल आपल्या बालरोगतज्ज्ञांना पुढच्या भेटीतच विचारा.